पायाच्या मापाचा जोडा

जून महिना उजाडला कीं घरोघर शाळेची तयारी सुरू होते. नवीं पुस्तकें येतात, वह्यांना वेष्टनें चढतात, गणवेश शिवून येतो. आणि सर्वांच्या शेवटीं, बहुधा शाळा उघडण्याच्या आदल्या सायंकाळीं, भर पावसांत बाप मुलाचा हात धरून जोड्यांच्या दुकानांत शिरतो. पुस्तकाचें एक पान कमी निघालें तर आपण तें परत करतों, सदऱ्याची बाही आंखूड झाली तर शिंप्याला दोन शब्द सुनावतों, परंतु जोडा घेतांना मात्र "घाल पाहूं पाय, शिरला ना? मग झालें," एवढ्यावर आपली परीक्षा आटोपते. फार झालें तर "वाढत्या अंगाचा द्या हो," असें दुकानदारास सांगून आपण दूरदृष्टीचें समाधान मिळवितों. ज्या वस्तूच्या आधारावर आपलें मूल दिवसाचे सहा-सात तास उभें राहणार, चालणार आणि धांवणार, तिची निवड इतक्या अल्प विचारानें व्हावी, हें आश्चर्य नव्हे काय? म्हणून पाय म्हणजे काय, जोडा त्याला कसा राखतो अथवा बिघडवितो, आणि योग्य मापाचा जोडा कसा ओळखावा, याचा थोडक्यांत विचार या लेखांत करावयाचा आहे.

या विषयाकडे माझें लक्ष कसें वेधलें तें प्रथम सांगितलें पाहिजे. कारण त्यांत माझ्या एका चुकीची कबुली आहे. कांहीं वर्षांपूर्वीं सकाळच्या कवाइतीची देखरेख मजकडे होती. सातवींतील एक मुलगा नेहमीं मागें पडे. पाऊल नीट न टाकतां तो तें कडेवर टेकीत चाले. मीं दोनदां त्यास आळशी म्हणून दटावलें, आणि तिसऱ्या वेळीं रांगेपुढें उभें केलें. मुलगा एक अक्षर बोलला नाहीं. त्याच दिवशीं मधल्या सुटींत तो मला नळामागच्या भिंतीआड एकटा बसलेला दिसला. बूट काढून बाजूस ठेवले होते. करंगळीची कातडी सोलवटून निघाली होती आणि दोन्ही अंगठ्यांचीं नखें काळीं पडलीं होतीं. ते बूट दोन वर्षांपूर्वीं घेतलेले होते. "घरीं सांगितलेंस का?" असें मीं विचारलें. तो म्हणाला, "नाहीं सर. या महिन्यांत ताईची फी भरायची आहे."

काळ्या बुटांचा नियम दर जून महिन्यांत वर्गांत वाचून दाखविणारा मीच होतों. त्या नियमाखालीं एकाद्या लेंकराचा पाय चिरडला जात असेल, हें माझ्या ध्यानींमनींहि आलें नव्हतें. ज्याचें जळतें त्यालाच कळतें, ही म्हण मीं वर्गांत किती तरी वेळां समजावून सांगितली होती; तिचा अर्थ मला त्या दिवशीं समजला.

आतां मूळ विषयाकडे वळूं. मनुष्याचें पाऊल बाहेरून पाहतां साधें दिसतें. पण त्याच्या आंत २६ हाडें आहेत. टांच व घोटा यांकडील बाजूस सात, मधल्या भागांत पांच, आणि बोटांचीं चौदा. शरीरांत एकंदर २०६ हाडें असतात. त्यांपैकीं ५२ केवळ दोन पावलांत आहेत. म्हणजे आपल्या अस्थींचा एक चतुर्थांश भाग जमिनीला लागून असलेल्या या दोन अवयवांत सांठविलेला आहे. हीं हाडें लहानमोठ्या सांध्यांनीं जोडलेलीं असून स्नायु आणि अस्थिबंध यांनीं तीं जागच्या जागीं आंवळून धरलेलीं असतात. यांची मांडणी सपाट नसून कमानीसारखी आहे. टांचेपासून चवड्यापर्यंत लांबीच्या दिशेनें दोन कमानी, एक आंतील बाजूस व एक बाहेरील बाजूस. आणि पावलाच्या रुंदीच्या दिशेनें तिसरी. ओढ्यावरील दगडी पुलाची कमान जशी वरचा भार दोहों बाजूंस वांटून देते, तशाच या कमानी शरीराचा भार टांच आणि चवडा यांवर वांटतात. फरक इतकाच कीं पुलाची कमान ताठ असते आणि ही जिवंत कमान लवचिक असते. पाऊल टेकतांच ती किंचित पसरते, पाऊल उचलतांच पुन्हा सांवरते. उभें राहिल्यावर पाऊल बसलेल्या स्थितीपेक्षां लांब व रुंद होतें तें याचमुळें. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग पडणार आहे.

मुलांच्या पायांविषयीं आणखी एक गोष्ट आहे. जन्मतः पावलांतील बराचसा भाग कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा असतो. त्याचें कठीण हाड हळूहळू, वर्षानुवर्षें बनत जातें, आणि हें काम सोळा-सतरा वर्षांच्या वयापर्यंत चालू राहतें. मडकें चाकावर ओलें असतां कुंभाराचें बोट जसें वळेल तसें तें वळतें. भाजून निघाल्यावर तें फुटेल पण वळणार नाहीं. मुलाचें पाऊल हें असें ओलें मडकें आहे. म्हणूनच प्रौढ मनुष्यास आंखूड जोडा घातला तर तो पांच मिनिटांत ओरडतो, आणि लहान मूल पुष्कळदां कांहींच बोलत नाहीं. त्याचीं मऊ हाडें तक्रार न करतां वांकतात. "मुलानें कधीं कुरकुर केली नाहीं," हा जोडा बरोबर असल्याचा पुरावा नव्हे.

मग चुकीच्या जोड्यानें नेमकें होतें काय? जोडा आंखूड असला कीं बोटांस पुढें जागा मिळत नाहीं. तीं मधल्या सांध्यांत दुमडून वर उचललीं जातात, आणि वरच्या चामड्याशीं घांसून त्यांवर कुरुपें येतात. अंगठ्याचें नख पुढच्या भिंतीवर आपटून काळें पडतें, किंवा कडेनें मांसांत रुततें. जोडा अरुंद असला तर अंगठा शेजारच्या बोटांकडे ढकलला जातो व त्याच्या मुळाशीं आंतील बाजूस हाडाचा उंचवटा दिसूं लागतो. ही विकृति कांहीं घराण्यांत आनुवंशिक असते हें खरें. परंतु टोंकदार व अरुंद जोडा तिला खतपाणी घालतो. टांच फार उंच असली तर सगळा भार चवड्यावर येतो, आणि पोटरीचा मागील स्नायुबंध कालांतरानें आंखडतो. येथें वाटेल कीं मोठा जोडा तरी निर्धोक असेल. परंतु तसेंहि नाहीं. सैल जोड्यांत पाऊल पुढेंमागें सरकतें. टांचेस फोड येतात. जोडा निसटूं नये म्हणून मूल बोटें आंत आवळून धरतें आणि पाय फरफटत चालतें. धांवतांना ठेंच लागून तें पडतें. "वाढत्या अंगाचा" सदरा घालून मूल थोडें बावळें दिसेल, एवढेंच. वाढत्या अंगाच्या जोड्यानें मात्र त्याची चाल बिघडते. पुढें कापूस किंवा कागद कोंबल्यानें हा दोष जात नाहीं. कारण जोडा जेथें वांकतो ती जागा आणि पाऊल जेथें वांकतें ती जागा एकमेकांशीं जुळत नाहीं.

चीन देशांत पूर्वीं मुलींचे पाय लहानपणीं घट्ट बांधून ते आंखूड ठेवण्याची चाल होती. १९१२ सालीं तेथील नव्या प्रजासत्ताक सरकारनें तिला बंदी केली, तरी ती पुरती मोडण्यास पुढें बरींच वर्षें लागलीं. ती हकीगत वाचून आपण हळहळतों. पण लहान झालेल्या बुटांत पाय कोंबून मुलास वर्षभर शाळेंत धाडणें ही त्याच जातीची गोष्ट आहे. फरक आहे तो प्रमाणाचा. अंथरूण पाहून पाय पसरावे, असें आपले वाडवडील सांगत आले. ती शिकवण खर्चाच्या बाबतींत सोन्यासारखी आहे. परंतु जोड्याच्या बाबतींत ती लावूं नये. येथें पाय पाहूनच अंथरूण घेतलें पाहिजे.

हा विचार कांहीं नवा नव्हे. युरोपांत कित्येक शतकें दोन्ही पायांचे जोडे एकाच सरळ कलबुतावर बनवीत. डावा आणि उजवा असा भेदच नव्हता. हॉलंडमधील प्रसिद्ध शरीरशास्त्रज्ञ पेट्रुस कांपर यानें १७८१ सालीं जोड्यांच्या उत्तम आकाराविषयीं एक निबंध प्रसिद्ध केला. एवढा मोठा विद्वान असून जोड्यांसारख्या विषयावर लिहितो, याचें तेव्हां लोकांस नवल वाटलें असेल. पुढें १८५८ मध्यें झूरिक येथील शरीरशास्त्राचे अध्यापक हेर्मान फॉन मायर यांनीं असें दाखविलें कीं निकोप पावलांत अंगठ्याच्या मधून काढलेली रेषा सरळ मागें टांचेच्या मध्यावर पोंचते. म्हणून जोड्याचा तळहि त्या रेषेस धरून कापला पाहिजे. डावा-उजवा भेद एकोणिसाव्या शतकांत रूढ झाला आणि आज आपल्यास तो इतका स्वाभाविक वाटतो कीं कोणे एके काळीं तो नव्हता हें खरेंहि वाटत नाहीं.

जोड्यावरील नंबराचीहि एक कथा आहे. जुन्या इंग्लंडांत लांबी जवाच्या दाण्यांनीं मोजीत. तीन जव म्हणजे एक इंच. जवाचें माप आपल्या देशांतहि प्राचीन आहे. इंग्रजी पद्धतींत एका नंबराचा फरक म्हणजे एक जव, अर्थात् इंचाचा तिसरा हिस्सा, सुमारें साडेआठ मिलिमीटर. मुलांच्या मापांत चार इंचांवर शून्य धरून तेरापर्यंत मोजतात, आणि तेथून पुन्हा एकापासून आरंभ करतात. म्हणूनच धाकट्या भावाच्या बुटावर १२ आणि थोरल्याच्या बुटावर ३ असा उलटा दिसणारा आंकडा असूं शकतो. युरोप खंडांतील पद्धत निराळी. तेथें एक नंबर म्हणजे सेंटिमीटरचे दोन तृतीयांश. याशिवाय प्रत्येक कारखान्याचें कलबूत वेगळें. तात्पर्य, "याला पांच नंबर लागतो" हें वाक्य अर्धेंच ज्ञान आहे. एकाचा पांच दुसऱ्याच्या साडेपांचाइतका असतो. आणि नंबर लांबीचा असतो, रुंदी त्यांत बहुधा सांगितलेलीच नसते.

ही उणीव जाणून अमेरिकेंत चार्ल्स ब्रॅनॉक या गृहस्थानें १९२० नंतरच्या दशकांत धातूचें एक मापयंत्र तयार केलें. त्यावर पाऊल ठेवलें असतां टांचेपासून बोटांपर्यंतची लांबी, टांचेपासून चवड्यापर्यंतची लांबी आणि पावलाची रुंदी अशीं तिन्ही मापें एकदम कळतात. साधें, निरुपद्रवी आणि उपयुक्त असें हें यंत्र कित्येक दुकानांतून आजहि आढळतें. त्याच काळांत दुसरें एक यंत्र निघालें. त्यांत मुलानें जोडा घालून पाय घातला कीं क्ष-किरणांच्या साहाय्यानें जोड्याच्या आंतील हाडें पडद्यावर दिसत. मुलांस ती मोठी गंमत वाटे, आणि आईबापांस तें शास्त्राचें शेवटचें प्रमाण वाटे. अमेरिकेंत व इंग्लंडांत अशीं हजारों यंत्रें दुकानांतून बसविलीं गेलीं. पुढें क्ष-किरणांचा अपाय ध्यानांत आल्यावर १९५० नंतरच्या दशकांत त्यांवर बंदी येऊं लागली व तीं नाहींशीं झालीं. या गोष्टीपासून घेण्यासारखा धडा असा कीं झगझगीत यंत्र म्हणजे ज्ञान नव्हे. हाड कोठें आहे हें त्या यंत्रास दिसे. जोडा कोठें टोंचतो हें त्याला दिसत नसे. त्याकरितां मुलालाच विचारावें लागतें, आणि बोटांनीं चांचपून पाहावें लागतें.

आपल्या देशाविषयीं सांगावयाचें तर, आपण वापरतों ते नंबर परदेशीय पावलांवरून ठरलेले आहेत. चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनें डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या अवधींत देशांतील ७९ ठिकाणीं एक लक्षाहून अधिक लोकांच्या पावलांचीं मापें घेतलीं. भारतीयांचीं पावलें सर्वसाधारणपणें अधिक रुंद असतात, असें तींत दिसून आलें. आणि तदनुसार 'भा' या नांवाची स्वतंत्र भारतीय मापपद्धति सुचविण्यांत आली. याच पाहणींत असेंहि आढळलें कीं मुलींच्या पावलांची वाढ सुमारें अकराव्या वर्षीं आणि मुलांची पंधरा-सोळाव्या वर्षीं कळसास पोंचते. म्हणजे माध्यमिक शाळेंतील वर्षें हीं पावलांच्या वाढीचीं ऐन वर्षें होत. रुंदी बसत नाहीं म्हणून लांबीनें मोठा जोडा घेणें, ही आपल्याकडील सर्वसाधारण चूक कां होते, याचें कारणहि यांत सांपडतें.

येथें कोणी विचारील, "एवढी यातायात कशाला? आमचे आजोबा अनवाणीच चालले, आणि त्यांचे पाय आमच्याहून बळकट होते." या बोलण्यांत तथ्य आहे. कर्नाटकांतील मणिपाल येथील दोन अस्थिवैद्यांनीं २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पादत्राणें वापरणाऱ्या मुलांत सपाट पावलांचें प्रमाण शेंकडा ८.६ आढळलें, आणि अनवाणी वावरणाऱ्या मुलांत केवळ २.८. बंद बूट घालणाऱ्यांत तें सर्वांत अधिक आणि चपला घालणाऱ्यांत कमी होतें. मोकळ्या पावलाचे स्नायु काम करून बळावतात आणि कमान उभी करतात. कोंडलेल्या पावलास ती संधि मिळत नाहीं. (लहान बाळांचीं पावलें सपाट दिसतात तें मात्र स्वाभाविक असतें, पालकांनीं त्याची धास्ती घेऊं नये.) तरी सर्वस्वीं अनवाणी राहणें हाहि उपाय नव्हे. आपल्या मातींत कांटे आहेत, कांचा व गंजके खिळे आहेत, विंचू-सर्प आहेत. अंकुशकृमि नांवाच्या जंतांचीं पिल्लें ओल्या, मलिन मातींतून उघड्या पायाच्या कातडींत शिरतात आणि मुलांचें रक्त शोषून त्यांना फिकट व निस्तेज करतात. तेव्हां मधला मार्ग हाच बरा : घरांत व स्वच्छ अंगणांत पाय मोकळा असावा, बाहेर जातांना त्याला आच्छादन असावें, आणि तें आच्छादन पायाच्या मापाचें असावें.

आतां जोडा कसा निवडावा तें सांगतों. पहिली गोष्ट, जोडा सायंकाळीं घ्यावा. कारण दिवसभराच्या वावरण्यानें पाय किंचित सुजलेले असतात, आणि सकाळीं बरोबर बसलेला जोडा संध्याकाळीं आवळूं लागतो. दुसरी, जे पायमोजे शाळेंत घालावयाचे तेच घालून जावें. तिसरी, माप उभें राहून आणि दोन्ही पायांचें घ्यावें. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्याहून थोडा मोठा असतो. जोडा मोठ्या पायाच्या मापाचा असावा. चौथी, जोडा घालून उभें राहिल्यावर सर्वांत लांब बोटाच्या पुढें, मग तें अंगठा असो वा त्याच्या शेजारचें बोट असो, मोठ्या माणसाच्या अंगठ्याच्या रुंदीइतकी, म्हणजे सुमारें एक सेंटिमीटर किंवा किंचित अधिक जागा रिकामी असावी. वाढीस एवढी जागा पुरे. याहून अधिक नको. पांचवी, पावलाचा सर्वांत रुंद भाग, म्हणजे चवडा, जोड्याच्या सर्वांत रुंद भागांत यावा, आणि जोडा तेथेंच वांकावा. बाजूंनीं चामडें ताणून फुगलें असेल तर जोडा अरुंद आहे. वर चुण्या पडत असतील तर तो सैल आहे. सहावी, टांच धरून बसावी, चालतांना वर-खालीं होऊं नये. सातवी, गालिच्यावर नव्हे, फरशीवर दहा-वीस पावलें चालून पाहावें, आणि मुलास "छान आहे ना?" असें न विचारतां "कोठें लागतें का?" असें विचारावें. पहिल्या प्रश्नाला नव्या जोड्याच्या आनंदांत मूल होयच म्हणणार.

"वापरून सैल होईल" या आश्वासनावर बूट कधींहि घेऊं नये. हातानें केलेली नवी कोल्हापुरी चपलाहि प्रथम चावते आणि तेलपाणी केल्यावर पायाचा आकार घेते, हें खरें; पण ती उघडी असते, बोटांस कोंडून ठेवीत नाहीं. बंद बूट लांबीनें वाढत नाहीं; वाढतात तीं कुरुपें.

मुलास दुकानांत नेणें शक्य नसेल तर कागदावर त्यास उभें करून, पेन्सिल अगदीं उभी धरून, दोन्ही पावलांच्या कडेनें रेघ काढावी आणि तो कागद बरोबर न्यावा. हाच कागद दर तीन-चार महिन्यांनीं पुन्हा काढला तर पाय किती वाढला तें सहज कळतें. या वयांत पाय वर्षाकाठीं साधारण एक नंबर, क्वचित् त्याहूनहि अधिक वाढतो. आठवड्यांतून एकदां, आंघोळीच्या वेळीं, आईनें मुलाचीं बोटें पाहावीं. लाली, फोड, काळें नख, करंगळीवरची जाड कातडी, हीं जोड्याचीं चाहाडी सांगणारीं लक्षणें होत. पावसाळ्यांत ओले बूट व मोजे तसेच पुन्हा घातल्यानें बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. म्हणून पाय कोरडे करावे, आणि बुटांत जुना कागद भरून ते सावलींत वाळवावे. थोरल्या भावाचे बूट धाकट्यास द्यावयाचे झाल्यास ते त्याच्या मापाचे आहेत, तळ एका बाजूस झिजलेला नाहीं, आणि आंतील भाग थोरल्याच्या पायाच्या आकाराचा झालेला नाहीं, एवढें पाहूनच द्यावे.

घरांतील वडील मंडळींकरितांहि दोन शब्द. डॉक्टर पॉल ब्रँड हे मिशनरी आईबापांच्या पोटीं १९१४ सालीं दक्षिण भारतांत जन्मले, आणि १९४६ पासून वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत कुष्ठरोग्यांच्या हातापायांवर त्यांनीं काम केलें. रोग्यांचे पाय रोगानें सडून झडतात, असा तेव्हां समज होता. डॉक्टर ब्रँड यांनीं दाखवून दिलें कीं रोगानें संवेदना नाहींशी होते, आणि टोंचणारा खिळा अथवा आवळणारा जोडा कळत नसल्यामुळें जखमा होऊन पाय जातो. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मऊ रबराच्या तळाचे, पायाच्या घडणीप्रमाणें बनविलेले जोडे तयार करविले, आणि पुष्कळांचे पाय वांचले. मधुमेहानेंहि पायाची संवेदना मंदावते; म्हणून त्या रोग्यांनीं जोड्याचें माप विशेष काळजीनें पाहावें, व घालण्यापूर्वीं आंत हात फिरवून खडा-खिळा नाहीं ना याची खात्री करावी. वेदना ही देवाची देणगी आहे, असें डॉक्टर ब्रँड मानीत. ज्याचा पाय दुखतो त्याला सावध करणारा पहारेकरी जागा आहे. मुलानें "बूट लागतो" असें म्हटलें असतां त्या पहारेकऱ्यास आपण गप्प बसवूं नये.

जोडे करणाऱ्या कारागिरास आपल्या समाजानें पुष्कळ काळ खालीं बसविलें, ही आपल्या सर्वांची लाज आहे. ज्या विल्यम केरी यांनीं १८०५ सालीं मराठी भाषेचें व्याकरण आणि १८१० सालीं मराठी कोश बंगालमधील श्रीरामपूर येथून प्रसिद्ध केला, ते तरुणपणीं इंग्लंडांत जोडे शिवून पोट भरीत असत. एकदां मोठ्या सरकारी मेजवानींत कोणी त्यांना हिणविण्यासाठीं त्यांच्या जोडे करण्याच्या धंद्याचा उल्लेख केला, तेव्हां, आपण जोडे करणारे नव्हतों, जुने जोडे दुरुस्त करणारे होतों, असें त्यांनीं शांतपणें सांगितलें, अशी आख्यायिका आहे. पवित्र शास्त्रांत पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत शरीराच्या अवयवांचा दृष्टान्त दिला आहे : कोणताहि अवयव दुसऱ्यास तुच्छ लेखूं शकत नाहीं. आणि आपल्या प्रभूनें शिष्यांचें कोणतें अंग धुतलें, हेंहि आपण जाणतोंच.

शेवटीं त्या मुलाची हकीगत पुरी करतों. त्याच सायंकाळीं मी त्याला घेऊन पेठेंतील एका वृद्ध मोच्याकडे गेलों. मुलगा ओट्यावर बसूं लागला तेव्हां म्हातारा म्हणाला, "बसूं नको बाळा, उभा राहा." मग मजकडे वळून म्हणाला, "मास्तर, बसल्या पायाचं माप खोटं असतं. पाय भार घेतो तवा पसरतो." जुन्या वर्तमानपत्रावर त्यानें दोन्ही पावलें रेखलीं, दोऱ्यानें चवडा मोजला, आणि "डावा सूतभर मोठा हाय," असें मला दाखविलें. पदवीधर असून जें मला ठाऊक नव्हतें, तें त्या निरक्षर कारागिराच्या बोटांस ठाऊक होतें. चार दिवसांनीं जोडा तयार झाला. तो काळा नव्हता, तपकिरी होता. तेवढें चामडें त्याच्याकडे शिल्लक होतें. दुसऱ्या दिवशीं कवाइतींत तो मुलगा तपकिरी जोडा घालून रांगेंत उभा राहिला. मीं त्याला पुढें बोलाविलें आणि सर्वांसमक्ष त्याची क्षमा मागितली. मग "चल" म्हणतांच तो सर्वांबरोबर चालूं लागला. त्यानंतर मी जूनमध्यें नियम वाचून दाखवितों, तेव्हां त्याच्या पुढें एक वाक्य जोडतों.

तेंच वाक्य येथें लिहून हा लेख पुरा करतों. विद्यार्थ्यांनो, ज्याचा जोडा लहान झाला असेल त्यानें संकोच न करतां घरीं आईबापांस, अथवा येथें आपल्या वर्गशिक्षकांस सांगावें. रंगाची चिंता करूं नये. आणि पालकहो, आज रात्रीं मूल झोंपीं गेल्यावर दिव्याच्या उजेडांत एकदां त्याचीं बोटें पाहा. तीं सरळ असतील तर देवाचे आभार माना. नसतील तर उद्यां सायंकाळीं त्याला घेऊन बाजारांत जा, आणि जोडा घेण्यापूर्वीं त्याला उभें करा.